उन्हाळ्यात बटेर पक्ष्यांची अंडी निम्म्यावर आली आहेत, कोणतं टॉनिक द्यावं?

तुम्ही लिहिलंय की अकोल्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये तुमच्या ५०० माद्या आहेत, फेब्रुवारीत रोज ४०० च्या वर अंडी निघत होती, मे लागला आणि आकडा २०० वर आला, कवचही पातळ झालंय. मी वर्ध्याकडे हेच जपानी बटेर सांभाळतो, ऊन तुमच्यासारखंच. माझं स्पष्ट मत आहे की टॉनिकचा नंबर शेवटचा. आधी पक्ष्यांचा दिवस पहाटेकडे सरकवा.

त्याआधी माद्यांचं वय बघा. बटेर सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते आणि साधारण आठ महिन्यांनंतर तिचं उत्पादन आपोआप उतरतं. लॉट मागच्या उन्हाळ्यातला असेल तर सगळा दोष उन्हावर टाकू नका.

आता कोंबडीपेक्षा बटेरचं वेगळेपण. कोंबडी सकाळी अंडं देते, बटेर बहुतेक दुपारनंतर, तीन ते सहाच्या सुमारास. म्हणजे ४४ अंशांचं ऊन पत्र्यावर तापतं, नेमकी तेव्हाच तिची अंडं द्यायची वेळ. त्याच सुमाराला कवचावर शेवटचे तपकिरी ठिपके चढत असतात. संध्याकाळी ट्रे हातात घेऊन बघा. ठिपके नसलेली, पांढरी फटक अंडी मधूनमधून दिसली तर दुपारी पिंजऱ्याशी गडबड झाली, पक्षी घाबरले आणि अंडं वेळेआधी पडलं असं मी धरतो. म्हणून बारा ते पाच शेडमध्ये झाडलोट, पकडापकडी, लसीकरण काही नको. पाणी बदलायचं तेवढं हळूच बदला.

पातळ कवचाचं कारणही उन्हातच आहे. पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. शिवाय उकाड्यात पक्षी खातच नाही. एरवी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम खाद्य खाणारी मादी १८-२० ग्रॅमवर आली की प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही तुटतात.

म्हणून उजेड पहाटे चार ते रात्री आठ, एकूण १६ तास. मे महिन्यात आपल्याकडे दिवस साधारण १३ तासांचा असतो, उरलेला उजेड बल्बचा. एकदम बदल करू नका, दोन-तीन दिवसांनी वीस-वीस मिनिटं वाढवा. टायमर लावा आणि बल्बपुरता तरी इन्व्हर्टर ठेवा, कारण लोडशेडिंगने उजेडाचे तास रोज खालीवर झाले तर उन्हाइतकाच फटका बसतो. चार वाजता बल्ब लागला की लगेच खाद्य. गार हवेत पक्षी भांड्यावर तुटून पडतात, नऊपर्यंत निम्म्याहून जास्त खाऊन होतं. भर दुपारी भांडी भरू नका, पचनाचीही उष्णता असते. साडेपाचनंतर दुसरं खाद्य द्या आणि भरड शिंपला त्यातच मिसळा, कारण कवच बहुतेक रात्रीतून तयार होतं.

तुम्ही कोंबडीचं लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, देता असं दिसतंय. त्यात प्रथिनं १६-१७ टक्के, बटेरला २० हवीत आणि कॅल्शियम अडीच ते तीन टक्के. तयार बटेर खाद्य मिळत नसेल तर २२ टक्के प्रथिनांच्या ब्रॉयलर स्टार्टरच्या (मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं खाद्य) साडेचौऱ्याण्णव किलोत साडेपाच किलो शिंपल्याची भरड घाला, हिशेब जवळपास जुळतो. मात्र त्या स्टार्टरमध्ये कॉक्सीचं (कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगाचं) औषध नाही ना, हे विक्रेत्याला विचारूनच घ्या. ते अंड्यात उतरतं आणि अंडी लोकांच्या ताटात जातात.

शेडसाठी पत्र्याला वरून चुना मारा, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर टाका आणि दुपारी पाणी शिंपडा. पाण्याची टाकी आणि पाइप उन्हात असतील तर बाकी सगळा खर्च वाया. दुपारी दोनला निप्पलचं (पक्षी चोचीने दाबून पितात त्या तोटीचं) पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसत असेल तर पक्षी ते पिणारच नाही. पाइपला ओलं बारदान गुंडाळा, टाकीवर सावली करा. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर फार छान चालतो, पण समोरची बाजू उघडी हवी, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. कोकणात कोणी हे वाचत असेल तर फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) आणि कूलरच्या वाटेला जाऊ नये, तिथे पंखे आणि मोकळी हवाच कामाची.

गर्दीही कमी करा. खायच्या अंड्यांसाठी नर लागतच नाहीत. छातीवर तांबूस पिसं असलेले सगळे काढा, माद्यांना जागा मिळते आणि ओरबाडणं थांबतं.

एवढं झाल्यावर टॉनिक. १०० किलो खाद्यात पाव किलो खायचा सोडा आणि २० ते २५ ग्रॅम व्हिटॅमिन सी. तुर्कस्तानात ३४ अंशांत ठेवलेल्या जपानी बटेरवर व्हिटॅमिन सीचे बरेच प्रयोग झाले आणि फायदा दिसला. पण तिथले पक्षी नुसत्या उष्णतेत होते, तुमच्याकडे खाद्य, पाणी आणि उजेड तिन्हींची ओढाताण आहे.

कवचात आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा, आकडा त्यानंतर चढेल. दरम्यान पक्षी मरू लागले किंवा विष्ठा हिरवी, पातळ झाली तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. आणि जूनचा पहिला पाऊस पडला की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, हवा दमट झाल्यावर ओल्या शेडमध्ये पक्ष्यांना जास्त त्रास होतो.