मॉड्यूल कार्डावर नाहीत, तुझ्याच लॅपटॉपमध्ये आहेत

आधी लॅपटॉपवरचा /लिब/मॉड्यूल्स उघडून बघ. पैज लावतो, रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या कर्नेलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) नावाचा फोल्डर तिथे निवांत बसलेला सापडेल. मॉड्यूल म्हणजे त्या कर्नेलला लागतील तसे जोडले जाणारे तुकडे, जसे वायफायचा ड्रायव्हर. (ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवर टायपतोय, म्हणून कमांडही देवनागरीतच. समजून घे.)

मधूनच वाचणाऱ्यांसाठी प्रश्न असा: ऐरोलीच्या या पठ्ठ्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर पायचा लिनक्स कर्नेल कंपाइल केला. मॉड्यूल कुठे टाकायचे ते सांगणारं 'इन्स्टॉल मॉड पाथ' हे व्हेरिएबल पायच्या मेमरी कार्डाचा पत्ता देऊन एक्स्पोर्ट केलं, मग 'सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' चालवलं. एररचा पत्ता नाही. पाय नव्या कर्नेलवर सुरू होतो, पण वायफाय मेलेलं आणि मॉडप्रोब (मॉड्यूल कर्नेलला जोडणारी कमांड) म्हणतो मॉड्यूल सापडत नाही. आता विचारतोय की ही जागा डॉट कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नेलच्या सेटिंगच्या फाइलीत, कुठे लिहायची.

डॉट कॉन्फिगमध्ये कुठेच नाही. तुझं व्हेरिएबल बरोबरच होतं, ते सुडोने खाल्लं. उबुंटू, डेबियनवर सुडो तुझं एन्व्हायर्नमेंट (एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबलं) साफ करूनच रूट, म्हणजे अॅडमिन, म्हणून कमांड चालवतो. मेकला व्हेरिएबल दिसलंच नाही, ते रिकामं आहे असं समजून त्याने फाइली लॅपटॉपच्याच मुळाशी टाकल्या. म्हणून एरर नाही. एक्स्पोर्ट करूच नकोस. 'सुडो मेक' या शब्दांनंतर, त्याच ओळीत, इन्स्टॉल मॉड पाथ (सगळं कॅपिटल, मधे अंडरस्कोर) बरोबर कार्डाचा पत्ता असं लिही. आर्क आणि क्रॉस कंपाइल (पायचा प्रोसेसर आणि त्याचा कंपाइलर सांगणारी व्हेरिएबलं) हीही त्याच ओळीत.

चालवण्याआधी 'एलएसबीएलके' (डिस्क आणि कार्डांची यादी दाखवणारी कमांड) मारून कार्ड खरंच माउंट झालंय, म्हणजे फोल्डरला जोडलं गेलंय ना, ते बघ. नसेल, तर कार्ड जिथे जोडायचं तो /एमएनटी हा लॅपटॉपवरचाच साधा फोल्डर असतो आणि मॉड्यूल पुन्हा घरातच राहतात.

आता जरा आतलं. पत्त्याचे दोन तुकडे असतात. पहिला तुकडा तू देतोस तो, आणि तो इन्स्टॉल करण्यापुरताच. कर्नेलला त्याची आठवण राहत नाही. त्याच्यानंतर /लिब/मॉड्यूल्स आणि शेवटी कर्नेल रिलीजचं नाव. हे नाव कंपाइल होताना कर्नेलमध्ये कोरलं जातं, आणि पायवर मॉडप्रोब नेमकं त्याच नावाचं दार ठोठावतो. गिटमधला तुझा सोर्स नेमक्या टॅगवर (नाव दिलेल्या आवृत्तीवर) नसेल तर नावाच्या शेवटी '+' हे चिन्हसुद्धा चिकटतं, आणि त्या एका चिन्हापायी माणसं रात्र घालवतात. 'मेक कर्नेलरिलीज' मारलं की नाव कळतं. पायवर 'यूनेम -आर' तेच सांगायला हवं. नाही जुळलं तर फोल्डरचं नाव बदलून भागवू नकोस. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात व्हरमॅजिक म्हणून तेच नाव लिहिलेलं असतं, आणि ते जुळलं नाही तर कर्नेल सहसा मॉड्यूल घेतच नाही. सरळ परत बिल्ड कर.

हाताने कॉपी केलीस असंही लिहिलं आहेस. चालतं, पण मग पायवर 'डेपमॉड -ए' चालवावं लागतं, कारण मॉडप्रोब फाइली हुंगत फिरत नाही, मॉड्यूल्स डॉट डेपची यादी वाचतो. मेकने इन्स्टॉल केलं की ती यादी शेवटी आपोआप होते.

आणि कॉपी करताना मी स्वतः एकदा जे केलं ते तू करू नकोस. वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागून चार महिने झाले होते. रिकाम्या स्टेजिंग (तात्पुरत्या) फोल्डरमध्ये मॉड्यूल काढले, त्याचा टार (सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा) केला आणि बोर्डाच्या मुळाशी सोडला. नव्या डेबियनमध्ये /लिब हा खरा फोल्डर नसतो, तो /यूएसआर/लिबकडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो. माझ्या टारमध्ये मात्र लिब हा खराखुरा फोल्डर होता. टारने सिमलिंक उडवला आणि जागी माझा फोल्डर ठेवला, ज्यात मॉड्यूल सोडून काहीही नव्हतं. त्याच क्षणी एलएस चालेना, सीपी चालेना, कारण त्यांना सुरू करणारा लोडरच त्या वाटेवर होता. डेमो दुपारी तीनला. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, सिमलिंक परत घातला, आणि जेवण राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून स्टेजिंग असेल तर मी पत्त्याच्या शेवटी यूएसआर जोडतो, म्हणजे मॉड्यूल यूएसआर/लिबमध्येच पडतात. तू थेट माउंट केलेल्या कार्डावर टाकतोयस, तुला याची गरज नाही.

कार्ड लहान असेल आणि डीबग इन्फो (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) चालू असेल तर त्याच ओळीत 'इन्स्टॉल मॉड स्ट्रिप' बरोबर एक असंही दे, नाहीतर मॉड्यूल जागा भरून टाकतील. बाहेरचा ड्रायव्हर वेगळा बिल्ड केलास तर तो अपडेट्स फोल्डरमध्ये जातो, जुन्या कर्नेलमध्ये एक्स्ट्रामध्ये; बदलायचं असेल तर 'इन्स्टॉल मॉड डिर'.

कार्डावर त्या फोल्डरात 'बिल्ड' नावाचा तुटका सिमलिंक दिसेल. तो तुझ्या लॅपटॉपवरच्या सोर्सकडे जातो, घाबरू नकोस, उडवलास तरी चालेल.

हे करून झालं की पायवरचं यूनेम -आर आणि /लिब/मॉड्यूल्सचं एलएस, दोन्ही इथे चिकटव. आणि लॅपटॉपवर चुकून पडलेला तो फोल्डर काढताना नाव दोनदा वाच, शेजारीच तुझ्या चालू कर्नेलचा आहे.