बोअरचे पाणी कोणत्या रकान्यात लिहावे?

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या वहीतील तक्त्यात सूर्यप्रकाश, वारा, पाणी आणि जंगल ही ‘नवीकरणीय’ साधनसंपत्ती, तर कोळसा, खनिज तेल आणि धातूंची खनिजे ही ‘अनवीकरणीय’ असे लिहिले आहे. आमची वरूड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. वडिलांच्या काळी 40 फुटांच्या विहिरीवर ती जगत असे; आता 700 फुटांचे बोअरही मार्चअखेर कोरडे पडते. पाऊस तर दरवर्षी येतो. मग तक्ता चुकीचा मानावा का, आणि बोअर आणखी खोल घ्यावे का?
– एक संत्रा बागायतदार, जि. अमरावती

उत्तर : तक्ता चुकीचा नाही, अपुरा आहे. एखादी गोष्ट निसर्गात पुन्हा तयार होते की नाही एवढेच तो सांगतो. ती किती वेगाने तयार होते आणि आपण ती किती वेगाने काढतो, हे तो सांगत नाही. आपल्या बागेचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

ज्यांच्याबद्दल शंकाच नाही, अशी दोन टोके आधी पाहू. चंद्रपूर-वणी भागातील कोळसा हा गोंडवन काळातील, म्हणजे सुमारे 25 कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा आहे. खाणीतून गेलेला एक टन आपल्या किंवा आपल्या नातवंडांच्या हयातीत भरून निघणार नाही. याउलट, साताऱ्याच्या पठारावर आज कितीही पवनचक्क्या फिरल्या तरी उद्याचा वारा त्यामुळे संपत नाही. मात्र भूजल, जंगल आणि मासळी या दोन टोकांच्या मध्ये येतात. त्या पुन्हा तयार होतात, पण एका मर्यादेपर्यंतच. समुद्रातील मासळीसाठी ही मर्यादा आपण मान्यही केलेली आहे: महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ती प्रजननाला अवसर मिळावा म्हणूनच. भूजलाला अशी सुट्टी आपण कधी दिली नाही.

आता आपल्या शेताचा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा त्यातून स्पष्ट होते. पाऊस 800 मिलिमीटर धरला आणि त्यातील एक दशांश जमिनीत मुरला असे मानले, तर एका एकरात वर्षाकाठी सुमारे 3 लाख 20 हजार लिटर पाणी मुरते. सहा-सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे 110 झाडे बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज 100 लिटर आणि असे 100 दिवस धरले, तर 11 लाख लिटर लागतात. म्हणजे एक एकर बाग जवळजवळ साडेतीन एकरांवर मुरलेले पाणी पिते. वडिलांची विहीर टिकली, कारण तेव्हा आजूबाजूला कोरडवाहू शेते होती आणि त्यांच्यात मुरलेले पाणी त्या विहिरीला मिळत होते. शेजारीही बागा झाल्या, तेव्हा तो वाटा संपला. यात कोणाचाही लोभ होता असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापल्या बागेपुरता विचार केला आणि एकूण बेरीज कोणीच केली नाही.

दुसरे कारण आपल्या खडकात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या थरात. तेही एकूण आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. त्याखाली अखंड पाषाण लागतो आणि मधूनमधून एखादी भेग. 700 फुटांवर लागलेले पाणी त्या भेगांमध्ये वर्षानुवर्षे झिरपून जमलेले असते आणि ते भरून यायलाही तितकाच काळ लागतो. ते दोन-तीन हंगामांत उपसले, तर आपल्यापुरते ते कोळशासारखेच ठरते. लिबियाच्या वाळवंटात तर हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात साठलेले पाणी नळांवाटे शहरांना पुरवले जाते आणि आजचा पाऊस ते भरून काढत नाही. तिथे पाणी सरळ ‘अनवीकरणीय’ रकान्यातच लिहावे लागेल.

म्हणून बोअर आणखी खोल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नेही 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानून शेती आणि उद्योगासाठी ती नव्याने घेण्यास मनाई केली आहे. त्यापेक्षा गावाने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडावा. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे केले: पाऊस मोजून पिके ठरवली आणि सिंचनासाठी बोअर घेणे बंद केले. नुसत्या बांधबंदिस्तीने हे साधत नाही, उपशालाही मर्यादा लागते. एकट्याने बाग कमी करणे किती जड जाते याची मला जाणीव आहे, म्हणूनच हा निर्णय ग्रामसभेत व्हावा. मुलीने तक्ता आहे तसाच लिहावा, पण ‘पाणी’ या शब्दापुढे ‘उपसा पुनर्भरणापेक्षा कमी असेल तर’ एवढे जरूर जोडावे.

प्रश्न : लोखंड वितळवून पुन्हा वापरता येते. मग ते नवीकरणीय का मानत नाहीत?
– एक वाचक, डिचोली, गोवा

उत्तर : कारण पुनर्वापर म्हणजे पुनर्निर्मिती नव्हे. भंगार वितळवल्याने आधी काढलेलेच लोखंड पुन्हा हाती येते, आणि त्यातले काही दरवेळी गंज व कचऱ्यात जाते. डोंगरातील खनिज मात्र वाढत नाही. हा फरक आपल्या राज्यात न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात गोव्यातील लोहखनिजाच्या उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील 10 टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. पुन्हा न येणाऱ्या संपत्तीतला पुढच्या पिढ्यांचा वाटा निदान पैशाच्या रूपाने राखावा, हा त्यामागचा विचार आहे.