शहीद, हुतात्मा की नुसतं 'कै.'? एका हवालदाराच्या फलकासाठी

एका गावातून आलेल्या पत्रातली विचारणा थोडक्यात अशी आहे. गावातला एक पोलीस हवालदार नाकाबंदीवर उभा असताना, हात दाखवूनही न थांबलेल्या मालमोटारीखाली सापडून गेला. शाळेपुढच्या चौकाला त्याचं नाव द्यायचं ठरलं आहे, पण नावाआधी काय लिहायचं यावर गाडं अडलंय. कुणी म्हणतं 'शहीद' हा मान फक्त सीमेवरच्या जवानाचा. कुणी म्हणतं तो शब्दच आपला नाही, 'हुतात्मा' लिहा. एका जाणत्या गृहस्थांचं म्हणणं, अपघाती मृत्यूला इतका मोठा शब्द नको, 'कै.' पुरे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: 'हुतात्मा' लिहा, आणि निःशंक मनाने लिहा. पण गावातल्या तिन्ही आक्षेपांना उत्तर देता यावं म्हणून हे शब्द जरा उलगडून पाहू.

'कै.' म्हणजे कैलासवासी. तो माणूस आता हयात नाही, एवढंच हा शब्द सांगतो. कसा गेला, कशासाठी गेला, याबद्दल त्यात काहीच नाही. शिवाय मराठीत हा शब्द माणसाच्या धर्माप्रमाणे, कधी पंथाप्रमाणेही बदलतो. वारकऱ्याला वैकुंठवासी म्हणतात, मुसलमानाला पैगंबरवासी, ख्रिस्ती माणसाला ख्रिस्तवासी. घरच्या वर्षश्राद्धाच्या निमंत्रणात ते अगदी योग्य आहे. पण चौक सगळ्या गावाचा असतो, आणि हवालदारही त्या रात्री सगळ्यांसाठीच रस्त्यावर उभा होता.

'शहीद' मुळात अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. जुन्या मराठी कागदपत्रांत 'शाहेद' आणि 'शाहेदी' म्हणजे साक्षीदार आणि साक्ष, म्हणजे हे शब्दकुळ आपल्याकडे वावरत होतंच. श्रद्धेसाठी प्राण देऊन त्या श्रद्धेची साक्ष देणारा, तो शहीद. आज आपण ज्या अर्थाने तो वापरतो तो अर्थ मात्र हिंदी-उर्दूच्या वाटेने आला. शहीद भगतसिंग म्हणताना कुणाच्या मनात धर्म येत नाही, त्यामुळे 'आपला शब्द नाही' हे कारण मला पटत नाही. जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपल्या तोंडी आहे तो आपलाच.

राहिला सीमेवरच्या जवानाचा मुद्दा. लोकांना वाटतं की 'शहीद' हा सरकारने ठरवून दिलेला किताब आहे, सैन्याला मिळतो आणि पोलिसांना मिळत नाही. तसं नाही. संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगापुढे स्पष्ट केलं होतं की सैन्याच्या किंवा पोलिसांच्या परिभाषेत 'शहीद' असा शब्दच नाही. भरपाई, निवृत्तिवेतन, पदकं यांचे नियम आहेत, ते वेगळे. 'शहीद' आणि 'हुतात्मा' ही लोकांनी दिलेली पदवी आहे. ती द्यायची की नाही, हे तुमच्या गावाने ठरवायचं.

आता 'हुतात्मा'. इथे थोडं थांबायला हवं, कारण पोलिसाच्या संदर्भात या शब्दाचा प्रवास विलक्षण आहे.

'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. होम, हवन, आहुती हे सगळे त्याच धातूचे. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. हा शब्द रुजवण्याचं श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला दिलं जातं. महापौर आणि दिनांक हेही त्याच यादीतले. पण शब्द घडवणं वेगळं आणि तो लोकांच्या तोंडी बसणं वेगळं. हा बसला तो माणसांच्या मरणामुळे. आणि ती माणसं कुणापुढे मेली, हे पाहा. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात गेला. भाई कोतवाल सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडले. फ्लोरा फाउंटनला २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही पोलिसांनीच. त्या जागेला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो.

सोलापूरची गोष्ट तर याहून टोचणारी आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. आरोप होता मे १९३० च्या उठावात पोलिसांची हत्या केल्याचा. त्या चौघांचे पुतळे सोलापुरात उभे आहेत, पुण्याला जाणारी 'हुतात्मा एक्स्प्रेस' त्यांच्याच नावाने धावते, आणि ते योग्यच आहे. पण त्या दंगलीत मारले गेलेले शिपाईही याच मातीतली, पगारावर घर चालवणारी माणसं होती. त्यांची नावं कुठल्या चौकात नाहीत. परक्या सरकारचा गणवेश अंगावर असल्यामुळे त्या काळात त्यांच्यासाठी मराठीत शब्द नव्हता, आणि तेव्हाच्या लोकभावनेत तो असणं शक्यही नव्हतं.

म्हणजे निदान पंचवीसएक वर्षं मराठीत 'हुतात्मा' हा बहुतेकदा पोलिसांच्या बंदुकीसमोरचा माणूस होता. तोच शब्द आज आपण पोलिसाला देतो आहोत. गणवेश खाकीच राहिला, पण त्यामागचं सरकार बदललं, आणि तो गणवेश कुणाच्या रक्षणासाठी आहे हेही बदललं. माझ्या मते शब्दाचा अर्थ इथे पातळ झालेला नाही, तो पुरता झाला आहे. आणि या यादीतलं कुर्बान हुसेन हे नाव नीट वाचा. सोलापूरकर त्यांना सहज 'हुतात्मा कुर्बान हुसेन' म्हणतात. संस्कृत घडणीचा शब्द मुसलमान माणसाला आणि अरबी शब्द भगतसिंगांना, असं आपल्या भाषेनेच केव्हाच करून ठेवलंय. तेव्हा धर्मावरून शब्द निवडायचा वाद गावाने मिटवून टाकावा.

पोलिसांच्या बाबतीत या शब्दाला सरकारी समारंभातही जागा मिळाली आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मारले गेले. तेव्हा सीमेवर पहारा पोलिसांचा होता, हे अनेकांना ठाऊक नसतं. 'सीमेवरचा तोच खरा' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभरच्या पोलीस मुख्यालयांत संचलन होतं आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावं एकेक करून वाचली जातात. मराठीत या दिवसाला 'पोलीस स्मृतिदिन' म्हणतात आणि 'पोलीस हुतात्मा दिन'ही म्हणतात. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २०१८ साली त्याच तारखेला त्याचं लोकार्पण झालं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: हा तर अपघात. इथे बाबू गेनूंची आठवण करून देतो. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला ते विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे झाले आणि चाकाखाली गेले. त्याला कुणी अपघात म्हणत नाही, कारण ती गाडी अडवायला ते जाणूनबुजून तिथे गेले होते. तुमचा हवालदारही गाडी अडवायलाच उभा होता. तो आडवा झाला नाही, त्याने हात दाखवला, हा फरक आहेच. तो फरक मला पुसायचा नाही. पण तो दाखवायचा असेल तर 'हुतात्मा' हे नाम बदलू नका, पुढचं क्रियापद जपून निवडा.

मराठीत ही सोय फार चांगली आहे. 'हौतात्म्य पत्करलं' आणि 'वीरमरण आलं' यांत मोठं अंतर आहे. पत्करणं म्हणजे समोर मरण दिसत असताना पुढे होणं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे होते. मूळचे साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, आधी सैन्यात नोकरी, मग मुंबई पोलीस. हातात होती लाठी. दहशतवाद्यांची गाडी अडवल्यावर कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगात शिरत असताना धरून ठेवली, आणि म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्याबद्दल 'हौतात्म्य पत्करलं' यापेक्षा कमी काही लिहिलं तर ते खोटं होईल. त्याउलट १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्यांना निवड करायला क्षणही मिळाला नाही. तिथे 'वीरमरण आलं' किंवा 'हुतात्मा झाले' हे बरोबर. मान दोघांचा सारखाच, घडलेली गोष्ट वेगळी, आणि क्रियापदाने ती सांगावी.

'धारातीर्थी पडले' हा शब्दप्रयोग मात्र तुमच्या फलकावर नको. धारा म्हणजे शस्त्राची धार. तिलाच तीर्थ मानून तिथे देह ठेवणं, ही त्यातली कल्पना. तो रणातल्या मरणाचा शब्द आहे. गडचिरोलीतल्या चकमकीला चालेल, नाकाबंदीला नाही. बखरींत एक साधा आणि फार सुंदर प्रयोग आहे: 'कामास आला'. लढाईत पडलेल्या माणसाबद्दल इतकंच लिहून पुढे जातात. आपल्या 'कामी आला' मध्ये तो अजून जिवंत आहे. भाषणात कुणी वापरला तर मला मनापासून आवडेल, पण फलकावर आजच्या शाळकरी पोरांना त्याचा अर्थ उलगडणार नाही.

'कर्तव्यावर असताना' आणि 'कर्तव्य बजावताना' यांतही निवड करा. पहिल्यात माणूस फक्त हजेरीपटावर असतो. दुसऱ्यात तो काम करत असतो. तुमच्या हवालदाराच्या बाबतीत दुसरंच योग्य, कारण गाडी थांबवणं हेच त्या क्षणीचं काम होतं.

समारंभाची पत्रिका छापणार असाल तर आणखी दोन-तीन गोष्टी. 'शासकीय इतमामात' हे शब्द नीट छापा. 'इतमाम' हा शब्द आता जवळजवळ अंत्यसंस्कारापुरताच उरल्यामुळे लोकांना तो अनोळखी झालाय आणि 'इतमात' असं चुकून पडतं. हवेत झाडतात त्या 'फैरी'. फैर म्हणजे इंग्रजी फायरच, पण मराठीत इतका मुरलेला की ईकारान्त अनेकवचन घेऊन बसला. त्या फैरींनी दिली जाते ती 'मानवंदना', श्रद्धांजली नव्हे. श्रद्धांजली शब्दांनी आणि फुलांनी वाहतात, मानवंदना शिस्तीत उभं राहून देतात. दरवर्षी स्मृतिदिनाला 'अभिवादन' लिहावं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हा त्या पहिल्या दिवसांचा शब्द आहे, आणि दहा वर्षांनीही तोच छापत राहिलो तर त्यातला भाव जातो.

वर्तमानपत्रांतल्या 'ठार' या शब्दाने तुम्ही दुखावला गेलात, तेही पत्रात आहे. तुमचं दुखणं रास्त आहे. 'ट्रकच्या धडकेत पोलीस ठार' या ओळीत व्याकरणाची चूक नाही, पण 'ठार' मध्ये फक्त आघात आहे, माणूस नाही. चकमकीत नक्षलवादी 'ठार' आणि जवान 'शहीद' असा भेद बातमीदार रोज पाळतात, मग नाकाबंदीवरच्या हवालदारालाच तो मान का नाकारायचा? 'नाकाबंदीवरील हवालदाराचा कर्तव्य बजावताना मृत्यू' एवढं लिहायला जागा जास्त लागते, बाकी काही नाही.

आता फलक. 'हुतात्मा'चं अनेकवचन 'हुतात्मे', आणि विभक्ती लागली की 'हुतात्म्याला, हुतात्म्यांना'. 'हुतात्मांना' लिहू नका. स्त्रीसाठीही 'हुतात्मा'च. संसदेवरच्या २००१ च्या हल्ल्यात प्राण देणाऱ्या आणि मरणोत्तर अशोकचक्र मिळालेल्या शिपाई कमलेश कुमारींना आपण 'हुतात्मा कमलेश कुमारी' असंच म्हणू.

नावाआधी 'हुतात्मा' आणि त्यानंतर 'पोलीस हवालदार' हे पद अवश्य घाला. गावकरी कधी कधी मान वाढवायच्या नादात हवालदाराचा 'पोलीस अधिकारी' करतात. तसं करू नका, त्याने जे पद निभावलं तेच त्याचं. खाली एका ओळीत, 'नाकाबंदीत कर्तव्य बजावताना वीरमरण', मग जागा आणि तारीख. गावाचं नाव, पोलीस ठाण्याचं नाव, दोन्ही असू द्या. आणि 'चौक' हा शब्द नावाला जोडून छापू नका, मध्ये जागा सोडा. पत्त्यात लोक त्याचं आडनाव तोडून नुसतं 'हुतात्मा चौक' म्हणायला लागतील, ही भीती खरी आहे. म्हणून नावाची अक्षरं इतर सगळ्या अक्षरांपेक्षा मोठी काढायला रंगाऱ्याला सांगा.