साल कोणाचं लिहितोस?

चि.स अनेक आशीर्वाद.

मामाच्या पेटीतले फोटो विकायला काढतोयस आणि चिठ्ठीवर साल काय लिहू, असं विचारतोस. साल कोणाचं? फोटोला दोन वयं असतात. निगेटिव्हवर चित्र उतरलं तो एक दिवस, तुझ्या हातातला कागद छापला तो दुसरा. आमच्या धंद्यातले लोक पहिलं सांगतात आणि कागदही तेवढाच जुना असल्यासारखं दाम घेतात.

मीही घेतलं आहे. जुन्या गोव्याच्या बाँ जेझुस चर्चचा एक मोठा फोटो होता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, बाहेरचा पांढरा गिलावा शाबूत. हा गिलावा १९५० च्या दशकात काढला. आज दिसतो तो लालसर जांभा तेव्हा उघडा पडला. म्हणजे चित्र त्याआधीचं, यात शंका नाही. मी तो '१९२० च्या सुमाराचा' म्हणून छातीठोक विकला. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत. खिशातून नोटा तपासायची जांभळी टॉर्च काढली, दुकानाचं दार ओढून घेतलं. अंधारात फोटोची कड निळी-पांढरी चमकली, धुतलेल्या सदऱ्यासारखी. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं फोटोपेपरात साधारण १९५० नंतरच आली. चित्र जुनं, कागद मागाहूनचा. पैसे परत केले. तो काही बोलला नाही, हेच जास्त लागलं.

पण उलटं गणित मांडू नकोस. चमकला तर नवा. नाही चमकला तर काहीच ठरत नाही, कारण पुढेही असे पदार्थ नसलेले कागद निघत होते. भिंग लाव. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटोच नव्हे, छापील पानाचा तुकडा आहे. पातळ कागद, पिवळसर उजळ भाग आणि पृष्ठभागावर बारीक भेगा असतील तर बहुधा अल्ब्युमेन, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला. त्याचा जोर १८५० नंतर चार-पाच दशकं होता. प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत, न वळणारा कागद १९६० च्या दशकाच्या अखेरीपूर्वीचा नसतो.

डागांवर मात्र बिलकूल विसंबू नकोस. आपल्याकडे तीन पावसाळे कपाटात ठेवलास तर कालचा प्रिंटही पणजोबांचा दिसतो. काहीजण चहात बुडवून तेवढाही वेळ वाचवतात!

चिठ्ठीवर जसं आहे तसं लिही: 'चित्र गिलावा काढण्यापूर्वीचं, छपाई मागाहूनची, नेमकी कधीची ते कळत नाही.' किंमत पडेल. पडू दे. 'अंदाजे' लिहिलंस तर अंदाज कशावरून, तेही एका ओळीत लिही: स्टुडिओचा शिक्का, कपडे, मागची शाई. मामाने सांगितलं असेल तर 'घरच्यांच्या सांगण्यानुसार' असंच लिही. घरच्यांच्या आठवणीत दहा वर्षं इकडची तिकडे सहज होतात; माझ्या आईने माझंच मुंजीचं साल दोनदा बदललं होतं.

आणि ते कुटुंबाचे फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नकोस. मागे नावं आहेत म्हणालास, ती पेन्सिलीची असतील तर बोटही फिरवू नकोस. चवथीआधी मी एकदा तिकडे येतो, टॉर्च घेऊनच.