अंगावरचा रंग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : एका वेषभूषा स्पर्धेसाठी मी निळ्या वर्णाच्या परग्रहवासी योद्ध्याचे पात्र निवडले आहे. चेहरा, मान आणि खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात उघडे राहतील. वेष पांढऱ्या कापडाचा आहे आणि तो दिवसभर अंगावर ठेवायचा आहे. पाण्याने लावायचा, तेलकट आणि अल्कोहोलने लावायचा असे रंगाचे तीन प्रकार मिळतात. त्यांपैकी कोणता घ्यावा, आणि कपड्याला रंग लागू नये म्हणून काय करावे?

उत्तर : तिन्हींपैकी एकच निवडण्याची सक्ती आपण स्वतःवर करून घेऊ नये. कोणती जागा कशाला घासते, किती घामेजते आणि किती दुमडते हे पाहून त्या त्या जागेचा रंग ठरवावा. आणि त्याही आधी कोणत्या जागी रंग लावायचाच नाही, हे ठरवावे. आपल्या बाबतीत माझे मत असे की, दंडापासून मनगटापर्यंत रंग लावूच नये. तेथे अंगासरशी बसणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या निळ्या कापडाच्या बाह्या घालाव्यात. मात्र कापड आधी विकत घ्यावे आणि रंग नंतर, कारण रंगात थोडा पांढरा किंवा काळा मिसळून तो कापडाशी जुळवता येतो. कापड रंगाशी जुळवणे फार कठीण जाते.

पाण्याने लावायचा रंग वडीच्या रूपात मिळतो. तो पटकन वाळतो, हाताला चिकटत नाही आणि साबणाने निघतो. पण ज्या पाण्याने तो विरघळतो त्याच पाण्याने, म्हणजे घामानेही, तो पुन्हा सुटतो. तेलकट रंग दाट बसतो आणि छटा एकमेकींत सुरेख मिसळतात, पण तो आपण होऊन वाळत नाही. त्यावर पावडर दाबून बसवावी लागते आणि तरीही घर्षणाने तो उठतोच. पांढऱ्या वेषाशेजारी मी तो सुचवणार नाही. अल्कोहोलने लावायच्या रंगात राळेसारखे द्रव्य असते. अल्कोहोल उडून गेल्यावर त्याचा पातळ, लवचीक पापुद्रा त्वचेवर राहतो, आणि तो घामाला व घासण्याला सहसा दाद देत नाही. त्याच्या उणिवाही आहेत : तो त्वचा कोरडी करतो, डोळ्यांजवळ किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर लावता येत नाही, आणि लावताना खोली हवेशीर हवी व जवळपास ज्योत नको.

म्हणून चेहऱ्याला पाण्याचा रंग घ्यावा, कारण तेथे तो सहज दुरुस्त करता येतो. मान, गळा आणि हाताचे पंजे यांना अल्कोहोलचा घ्यावा. दोन्हींची निळी छटा तंतोतंत जुळण्याची शक्यता कमीच. त्यामुळे दोन्हींचे पट्टे हातावर शेजारीशेजारी ओढून, ज्या प्रकाशात स्पर्धा होणार आहे तशाच प्रकाशात पाहावेत, आणि जबड्याखालच्या सांध्यावर निळी कोरडी आयशॅडो फिरवून सीमारेषा बुजवावी.

हीच खरेदी पुरेशी आधी करून कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा लहानसा ठिपका लावून चाचणी घ्यावी. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत खाज, लाली किंवा पुरळ दिसले, तर तो रंग वापरू नये. याच ठिपक्यावरून रंग धुतल्यावर मागे डाग राहतो का, हेही कळते. निळे, हिरवे आणि लाल रंग या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत.

आता लावण्याविषयी. तासभर आधी त्वचेला मॉइश्चरायझर लावून तो पूर्ण मुरू द्यावा. वरवर तेलकटपणा राहिला तर रंग सरकतो. स्पंज भिजवून इतका पिळावा की दाबल्यावर थेंब पडू नये, आणि वडीवर फिरवून रंग पातळ सायीइतका दाट करून घ्यावा. चेहऱ्यावर स्पंज ओढू नये. टिपल्यासारखा दाबत जावे. ओढलेल्या स्पंजाचे पट्टे दिसतात, आणि पहिला थर ओला असताना दुसरा ओढला तर खालचाही उचलला जातो. पहिला थर विरळ दिसला तरी घाबरू नये, तो वाळल्यावर दुसरा द्यावा. एकच जाड थर दिला, तर बोलताना तोंडाभोवती भेगा पडतात. त्वचेचा मूळ वर्ण खालून डोकावून निळा रंग हिरवट किंवा मळकट वाटत असेल, तर पहिल्या थरात थोडा पांढरा मिसळावा, म्हणजे रंग अधिक झाकणारा होतो.

हमखास राहून जाणाऱ्या जागा म्हणजे कानामागचा भाग, नाकपुड्यांच्या कडा, पापण्या, केसांची रेषा आणि बोटांच्या बेचक्या. पंजे रंगवताना मूठ मिटून व उघडून पाहावे, नाहीतर सांध्यांच्या सुरकुत्या उघडताच आतली त्वचा फिकी दिसते. ओठांना ओठांसाठीचाच गडद निळा रंग लावावा. डोळ्यांच्या आतल्या कडेला मात्र रंग नको. तेथे काजळाची रेघ पुरते. निळ्या चेहऱ्यात दात नेहमीपेक्षा पिवळे दिसतात, हे आरशात पाहून दचकू नये.

शेवटी रंगहीन पावडर हलक्या हाताने दाबून वर सेटिंग स्प्रे, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा, मारावा. फ्लॅशने छायाचित्रे काढली जाणार असतील, तर एक छायाचित्र आधी काढून पाहावे, कारण काही पावडरी फ्लॅशमध्ये पांढऱ्या फटफटीत दिसतात. कॉलरच्या आत काढता येईल अशी सुती पट्टी टाचावी आणि मानेचा रंग कॉलरखाली दोन बोटे उतरवावा. वेष पुढून उघडणारा असला तर फार बरे. डोक्यावरून घालायचा असेल, तर तो आधी घालून, खांद्यांवर जुने कापड पसरून मगच रंगायला बसावे.

रात्री चेहऱ्याचा रंग साबणाने धुवावा. अल्कोहोलचा रंग साबणाला दाद देत नाही, त्यासाठी त्याचाच तेलयुक्त रिमूव्हर लागतो. तो लावून काही मिनिटे थांबावे आणि मऊ कापडाने पुसून घ्यावे. उरलेली निळसर झाक खसाखसा घासून काढण्याच्या भानगडीत पडू नये. ती एकदोन दिवसांत आपोआप जाते.

प्रश्न : मुलाला वाघ व्हायचे आहे. घरात चित्रकलेचे अॅक्रिलिक रंग आहेत आणि बाटलीवर ‘बिनविषारी’ असे छापलेले आहे. ते चेहऱ्याला लावले तर चालतील का?

उत्तर : नाही. तो शब्द कागदावर वापरायच्या रंगासाठी छापलेला असतो. तासन्‌तास त्वचेवर राहण्यासाठी त्या रंगाची पारख झालेली असते, असा त्याचा अर्थ होत नाही. अॅक्रिलिक वाळल्यावर प्लास्टिकचा पापुद्रा होतो, सोलताना बारीक लव उपटली जाते, आणि त्यातील टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांची काहींना ॲलर्जी होते. हस्तकलेच्या चमकीलाही हाच नियम लावावा. तिचे कण धारदार असतात आणि डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो.

वाघासाठी पाण्याच्या रंगाच्या नारिंगी, पांढरी आणि काळी एवढ्या तीन वड्या पुरतात. आधी नारिंगी, मग तोंड व भुवयांभोवती पांढरा, आणि सर्वांत शेवटी काळे पट्टे, असा क्रम ठेवावा. पट्टे कडेकडून नाकाकडे निमुळते काढावेत, म्हणजे ते खरे वाटतात. वेष्टनावर डोळ्यांभोवती व ओठांवर चालत नाही असे लिहिले असेल, तर ते पाळावे, कारण काही रंगद्रव्ये इतर त्वचेला चालतात पण या दोन जागांना नाहीत.

प्रश्न : यंत्रमानवासाठी सर्वांग चंदेरी करायचे आहे. सगळी त्वचा झाकली तर माणूस गुदमरतो, हे खरे आहे का?

उत्तर : श्वास फुप्फुसांतून होतो, त्यामुळे त्वचा झाकल्याने कोणी गुदमरत नाही. मात्र लॅटेक्ससारखा (द्रवरूप रबरासारखा) हवाबंद थर मोठ्या भागावर दिला तर घाम वाळत नाही आणि शरीर तापते. गरगरले किंवा मळमळले की गार जागी जाऊन तो उतरवावा. चंदेरी रंगाचा खरा धोका वेगळाच आहे. 1938 साली हॉलिवूडचे अभिनेते बडी एब्सेन यांना ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातील पत्र्याच्या माणसाच्या भूमिकेसाठी अॅल्युमिनियमची भुकटी लावत असत. ती फुप्फुसांत गेल्याने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ती भूमिकाही सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या नटासाठी भुकटीऐवजी लेप वापरला गेला. आपणही त्वचेसाठी बनवलेला क्रीम किंवा द्रवरूप चंदेरी रंगच घ्यावा, आणि सुटी चमकदार भुकटी चेहऱ्याजवळ उडवू नये.