आरएक्स १०० चं इंजिन पहिल्यांदा उघडताना

यामाहा आरएक्स १०० चं इंजिन स्वतः उघडू का, म्हणतोस? बिनधास्त उघड रे! ९८ सीसीचं टू-स्ट्रोक, इनटेकचा रीड व्हॉल्व्ह (पातळ पात्यांची झडप) सोडला तर फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. शिकायला याहून चांगलं इंजिन नाही.

नवखे पिस्टन-रिंग नवे घालतात आणि क्रँकचे ऑइल सील (क्रँकच्या दोन्ही टोकांच्या रबरी कड्या) जुनेच ठेवतात. कडक झालेल्या सीलमधून हवा आत ओढली जाते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि नवा पिस्टन जाम होतो. माझा पहिला असाच गेला. म्हणून सील आधी.

- सर्कलिप (पिस्टनची पिन अडवणारी तारेची छोटी कडी) काढताना ती आत पडू नये म्हणून क्रँककेसच्या (क्रँकभोवतीच्या डब्याच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंब. परत बसवताना सर्कलिप नव्याच घाल.
- पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगची तोंडं (उघडी टोकं) खाचेतल्या पिनवर.

गोव्याच्या पावसात बोअर करून (आतून कातून) आणलेला सिलिंडर रात्रभर कोरडा ठेवू नकोस, सकाळी आतून तांबूस दिसेल. आणल्याआणल्या टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचा हात फिरव. कार्ब्युरेटर, पोर्टिंग (सिलिंडरमधल्या खिडक्यांचा आकार बदलणं) नंतर बघू.