हात लावून बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शेजारचे बिऱ्हाड गाव सोडून गेले आणि डालग्याखाली तशीच राहिलेली त्यांची कोंबडी तू घरी आणलीस, याबद्दल शाबासकी देण्यात शाई घालवत नाही. तू दुसरे काही केले नसतेस. पण तुझ्या पत्रात लसूण आहे, हळद आहे, दुकानदाराने दिलेली पिवळी पूड आहे, "कापून टाका" म्हणणारे शेजारी आहेत, आणि खुद्द कोंबडीविषयी मात्र "ती फुगून बसते" एवढे एकच वाक्य आहे. बाळ, औषध विचारण्याआधी तिला हात लावून बघ.

पिसे फसवतात. आजारी पक्षी अंगातली ऊब राखण्यासाठी पिसे फुलवतो, त्यामुळे पार खंगलेली कोंबडीही लांबून गरगरीत दिसते. तिला मांडीवर घे आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरव. दोन्ही बाजूंना मांस लागले तर आजार अलीकडचा असेल; पण हाड सुरीच्या पाठीसारखे हाताला लागले, तर तिची आबाळ कित्येक आठवडे चालली आहे आणि ती दोन दिवसांत भरून निघणार नाही. पंखाखाली ती गरम लागेल. निरोगी कोंबडीचे तापमानच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तेव्हा ताप आला असे समजून तिला गार पाण्याने पुसायला जाऊ नकोस. तिला ऊब हवी आहे. खोक्याच्या एका कोपऱ्यावर ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा टांग आणि दुसरा कोपरा तसाच ठेव, म्हणजे नकोसे झाले की तिला सरकता येईल.

मग गळ्याच्या बुडाशी, तिच्या उजव्या अंगाला, अन्नाची पिशवी चाचपून बघ. रात्री भरलेली ही पिशवी सकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी. सकाळीही तिथे कडक गोळा लागत असेल, किंवा ती लिबलिबीत होऊन चोचीला आंबूस वास येत असेल, तर मायेने आणखी दाणे घालणे म्हणजे तिचा जीव घेणे होय. पाणीही चमच्याने घशात ओतू नकोस. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडते आणि ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. किंचित गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याचे थेंब चोचीच्या कडेला लाव, ती स्वतः गिळेल. भिजवलेले खाद्य आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करा पिशवी रिकामी होऊ लागल्यावरच, थोडा थोडा.

शेपटीखालची पिसे उलटी करून बघितलीस का? उवांच्या लिखांचे पांढरे पुंजके पिसांच्या मुळाशी असतात. रात्री बॅटरी घेऊन ते डालगेही तपास, कारण रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा फटींत दडून राहतात आणि रात्री अंगावर चढतात; तुरा फिका पडायला तेवढेही पुरे होते. त्यावर तुझी पिवळी पूड काय करणार? मानमोडी विषाणूमुळे होते, रक्ती हगवण आतड्यातल्या परजीवीमुळे, आणि दुकानदार दोन्हींवर तीच पूड देतो. विष्ठेचा ताजा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी औषध दिले तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही विचारून घे.

हात लावू नये असा प्रसंग एकच: आसपासच्या कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर दूर राहा आणि दवाखान्याला कळव. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते.

तीनशे रुपयांच्या कोंबडीवर पाचशे रुपये घालवता, असे मलाही घरात ऐकावे लागते. नोकरीची सगळी वर्षे मी मरतुकीचे आकडे लिहिले. एकेका पक्ष्याला हातात घेण्याइतकी सवड त्या कामात कधीच नव्हती, आणि ती रुखरुख निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून आता स्वयंपाकघराच्या दाराशी खोके ठेवतो आणि बोलणी खातो. लोक याला म्हातारचळ म्हणतात. म्हणोत. एका कोंबडीवर बसलेला हात पुढे सगळ्या खुराड्याचा आजार आठवडाभर आधी ओळखतो, हे त्यांना कोण सांगणार? ज्यांनी कधी हातच लावला नाही, त्यांनी मला हिशेब शिकवू नये.

तुझ्या आईच्या कोंबड्यांपासून तिला निदान महिनाभर वेगळी ठेव. आधी त्यांचे दाणापाणी कर, हिचे शेवटी, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धू. अंड्यांची चौकशी आत्ताच करू नकोस. अंग भरल्याशिवाय ती अंड्यावर येणार नाही. पुढच्या पत्रात छातीचे हाड कसे लागले आणि सकाळी पिशवी रिकामी होती की नाही, एवढेच लिही. पुडीचे नाव मला नको आहे.

कळावे.